बाबांची येझदी आधी, आरडीचं मग बघू

"कर्वेनगरला राहतो, वय ४७, चाकणच्या एका कंपनीत नोकरी. यंदा गावाकडची जमीन विकली, माझ्या वाट्याला नऊ लाख आले. ऑफिसातला मित्र म्हणतो, एफडीत कुजवतोस कशाला, जुन्या गाड्या घे, सोन्यासारख्या वाढतात. त्याच्या ओळखीत बेळगावला १९८६ ची राजदूत ३५०, म्हणजे लोक आरडी म्हणतात ती, आहे, सव्वाचार लाख म्हणतायत. हडपसरला एक आरएक्स १०० आहे, एक लाख दहा हजार. दोन्ही घ्याव्यात, पाच वर्षांनी विकाव्यात. मुलगी आठवीत आहे, तिच्या इंजिनिअरिंगला पैसे होतील, असा विचार आहे. वडिलांची १९८१ ची येझदी रोडकिंग पार्किंगमध्ये ताडपत्रीखाली उभी आहे. ते २०१६ ला गेले, तेव्हापासून कुणी हात लावलेला नाही. सोसायटीची नोटीस आली आहे. बायको म्हणते, ते धूड आधी हलवा. भंगारवाला बारा हजार द्यायला तयार आहे. ते आरडीत घालावेत का?"
– एक वाचक, कर्वेनगर

नमस्कार.

भंगारवाल्याला आजच्या आज फोन करून नाही म्हणा. बाकीचं उत्तर उद्या वाचलंत तरी चालेल.

तुमच्या पत्रात तीन गाड्या आहेत. त्यातल्या एकीचा मालक कोण, ती कुणी चालवली, कुठे पडली, कुठे दुरुस्त झाली, हे सगळं तुमच्या घरात माहीत आहे. उरलेल्या दोघींबद्दल तुम्हाला फक्त किंमत माहीत आहे. आणि तुम्ही विकायला काढलीय ती पहिली! माझ्याकडे महिन्याला अशी दोन तरी पत्रं येतात, आणि प्रत्येक वेळी मला त्या ताडपत्रीखालच्या गाडीची दया येते.

आधी सोन्याचं बघू. सोन्याचा भाव रोज पेपरात छापून येतो. लक्ष्मी रोडला बांगडी घेऊन गेलात तर अर्ध्या तासात पैसे हातात. आरडीचा भाव कुठे छापतात? तिचा 'भाव' म्हणजे कुणीतरी जाहिरातीत टाकलेला आकडा. ती जाहिरात आठ महिने तशीच राहते, मग एक दिवस गायब होते, आणि गाडी शेवटी कितीला गेली हे विकणारा आणि घेणारा सोडून कुणालाच कळत नाही. सांगितलेल्या आणि मिळालेल्या किमतीत लाखाचा फरक पडलेला मी पाहिला आहे. तुमचा मित्र जे वाढलेले भाव सांगतो ते बहुतेक सांगितलेले.

आता हिशेब. सव्वाचार आणि एक दहा, झाले पाच लाख पस्तीस हजार. सात टक्क्यांनी पाच वर्षं ठेवले तर साडेसात लाख होतात, काही न करता, घरी बसून. म्हणजे तुमच्या दोन गाड्या मिळून साडेसातला गेल्या तर तुम्ही एफडीशी बरोबरी केलीत. त्यात खर्च धरा. मी स्वतः दर गाडीमागे वर्षाला दहा हजार बाजूला काढतो: विमा, बॅटरी, सील, केबल, टायर. उभ्या गाडीचा टायर चालवल्याशिवायही जातो, रबर कडक होऊन चिरतं. दोन गाड्या, पाच वर्षं, लाख रुपये. म्हणजे साडेआठ लाखांच्या वर जे मिळेल ती तुमची कमाई. मिळणारच नाही असं मी म्हणत नाही. आरडीवाल्यांना मिळालंय. पण तुम्हाला ते मिळायला हवं कॉलेजच्या प्रवेशाच्या वेळी, ऐन पावसाळ्यात, जेव्हा पुण्यात लोक चालू गाडीसुद्धा झाकून ठेवतात. फीची तारीख आणि गिऱ्हाईक एका महिन्यात येत नाहीत. आलेलं गिऱ्हाईक तुमची घाई चेहऱ्यावरून ओळखतं.

म्हणून मुलीच्या शिक्षणाचे पैसे यात घालू नका. यावर चर्चा नाही. नऊ लाखांतले सहा-साडेसहा आजच बाजूला काढा, वहिनींच्या समोर. मग उरलेल्यावर आपण दोघं मजेत बोलू.

परदेशातल्या लिलावांच्या बातम्याही तुमच्या मित्राने पाठवल्याच असतील. २०१८ ला लास व्हेगासच्या लिलावात १९५१ ची व्हिन्सेंट ब्लॅक लायटनिंग ९ लाख २९ हजार डॉलरला गेली, ही बातमी अजून फिरते. पण ती गाडी काय होती? जेमतेम तिसेक बनल्या, त्यातली एक. तिने १९५३ ला ऑस्ट्रेलियात वेगाचा राष्ट्रीय विक्रम केलेला. रंगरंगोटी न करता जशी होती तशी सांभाळलेली. ती कुणाकडे होती, कुठे धावली, याचा अखंड माग उपलब्ध होता. लोखंड तेच असतं. त्या मागाला बोली लागते. हे आपल्याकडेही तसंच आहे, फक्त शून्यं कमी.

आपल्याकडच्या गाड्या का चढल्या, त्याचं कारण फार साधं आहे. आरएक्स १०० आली १९८५ ला, बंद झाली १९९६ ला. त्या अकरा वर्षांत जी पोरं एफसी रोडवर दुसऱ्याच्या आरएक्सकडे बघत बसस्टॉपवर उभी होती, ती आज पन्नाशीची आहेत आणि त्यांच्या हातात पैसा आहे. ९८ सीसी, ११ बीएचपी, आणि गाडीचं वजन इतकं कमी की सिग्नल सुटला की ती आधी निघायची आणि बसलेला माणूस मागून पोचायचा. तो माणूस आज गाडी विकत घेत नाही, अकरावीतला स्वतःचा अपमान भरून काढतो. मी हसतोय खरा, पण मीही त्यातलाच. प्रश्न असा की आज पंचविशीत असलेल्या पोराला आरएक्सचं काय? त्याच्या आठवणीत पल्सर आहे. तुम्ही पाच वर्षांनी विकणार, तेव्हा घेणारा माझ्या वयाचा असेल की तुमच्या पुतण्याच्या, यावर भाव ठरणार. दुर्मीळ असणं पुरत नाही. एन्फिल्डची फ्युरी शोधून सापडत नाही, पण शोधणारे तरी किती? आणि हजारोंनी खपलेल्या आरएक्ससाठी मात्र माणसं रांगेत.

बेळगावची राजदूत. ही यामाहाची आरडी ३५०, फरीदाबादच्या एस्कॉर्ट्सने इथे बनवलेली. १९८३ ला आली आणि ते दशक संपता संपता बंद पडली, कारण पेट्रोल पिणारी गाडी त्या काळात कुणाला परवडणार? जपानी आरडी ३९ बीएचपीची. आपल्याकडे आधी 'हाय टॉर्क' निघाली, साडेतीस बीएचपी, आणि नंतर मायलेजसाठी आणखी आवळलेली 'लो टॉर्क', सत्तावीस. जाणकार एचटीला जास्त पैसे मोजतात. १९८६ ची गाडी कुणी 'एचटी' म्हणून गळ्यात मारत असेल तर कान टवकारा. पुढे डिस्क ब्रेक असेल तर विक्रेता तो कौतुकाने दाखवेल. आपल्या राजदूतला कंपनीतून पुढे ड्रमच होता, म्हणजे ती डिस्क मागाहून बसवलेली. चालवायला बरी, संग्रहाला उणी. आणि एकच प्रश्न विचारा: कितवं बोअर? या गाड्या पोरांनी पळवल्या आहेत, पिस्टन जाम करून पुन्हा बोअर मारून पळवल्या आहेत. सिलिंडर दर वेळी थोडा मोठा होतो आणि एक दिवस मोठं करायला जागाच उरत नाही. शेवटच्या बोअरची आरडी म्हणजे टँकरच्या भरवशावर घेतलेला फ्लॅट.

बघायला जाल तेव्हा सांगून जा, पण तासभर आधी पोचा. गेल्या गेल्या सायलेन्सरला हात लावा. गरम असेल तर तुमच्यासाठी आधीच चालू करून ठेवलीय. थंड इंजिन कितव्या किकला उठतं, हेच तर बघायला तुम्ही जवळपास साडेतीनशे किलोमीटर जाणार.

पण हे सगळं नंतरचं. आधी कागद. माझं स्वतःचं एक दुखणं सांगतो, म्हणजे मी इतका का ओरडतो ते कळेल.

वीस वर्षांपूर्वी दुसऱ्या शहरातल्या एका विक्रेत्याकडून मी जावा घेतली. मरून रंग, टाकीला क्रोम, हाताने ओढलेल्या सोनेरी रेघा. सह्या केलेला टीटी फॉर्म (मालकी बदलाचा), आरसी बुक, सगळं पिशवीत घालून दिलं त्याने. मी आकडे जुळवले, जुळले. गाडी टेम्पोत घालून आणली, शेजाऱ्यांना पेढे दिले. चार महिन्यांनी नावावर करायला आरटीओत गेलो. तिथल्या साहेबांनी हँडलच्या मुळाशी, जिथे चेसिस नंबर असतो, तिथे चिकटपट्टी लावली, वरून शिसपेन्सिल घासली आणि पट्टी उजेडात धरली. पहिले आकडे एकसारखे खोल, सारख्या अंतरावर. शेवटचे दोन किंचित तिरके, कडा धारदार, आणि त्यांच्या खालचं लोखंड कानशीने घासल्यासारखं सपाट. मला म्हणाले, "काका, हे दोन कुणाचे?" मला काय माहीत कुणाचे! विक्रेत्याचा फोन तेव्हापासून बंद. पुढे चौकीत जबाब, दोन वर्षं हेलपाटे. गाडी चोरीची निघाली नाही, दोन गाड्यांची एक केलेली निघाली. पण ती नावावर काही झाली नाही. आजही ती माझ्या मागच्या व्हरांड्यात आहे. विकता येत नाही, चालवता येत नाही. उन्हाळ्यात तिच्या सीटवर आमच्याकडे पापडांचं ताट वाळतं.

तेव्हा बेळगावला जाताना खिशात चिकटपट्टी आणि पेन्सिल ठेवा. पाच रुपयांचं काम आहे. चेसिस आणि इंजिन, दोन्हीचे ठसे घ्या, आरसीशी जुळवा, आणि अक्षरांची वळणं नीट बघा. चेसिसला पावडर कोटिंग केलेलं असेल तर नंबर रंगाने बुजलेला असतो. 'खाली आहे हो नंबर' यावर विश्वास ठेवू नका, खरवडायला लावा. चोरीची नोंद आहे का, ते राष्ट्रीय गुन्हे नोंद ब्युरोच्या 'वाहन समन्वय' सेवेवर तपासता येतं. इंजिन बदललेलं असेल तर त्याची नोंद आरसीवर हवी. आरसीवर बँकेचा बोजा, आपण एचपी म्हणतो तो, चढलेला असेल तर थांबा. १९८६ चं कर्ज कधीच फिटलं असेल, पण ते उतरवायला त्या बँकेचं पत्र आणि पस्तीस नंबरचा फॉर्म लागतो. ती बँक एव्हाना दुसऱ्या बँकेत विलीन झालेली असते किंवा तिच्या जागी मिठाईचं दुकान असतं.

गाडीचं पासिंग कर्नाटकातलं. म्हणजे तिथल्या आरटीओची एनओसी हवी, अठ्ठावीस नंबरचा फॉर्म. ती मिळायला गाडी आधी 'वाहन' या सरकारच्या संगणक प्रणालीवर दिसायला हवी. पुस्तकाच्या काळातल्या पुष्कळ गाड्या तिथे चढलेल्याच नाहीत. मग बॅकलॉग एंट्री, म्हणजे जुनी नोंद संगणकावर चढवणं, मग एनओसी, मग इथला कर, इथलं पासिंग. दुसऱ्या राज्यातली गाडी बारा महिन्यांहून जास्त इथे ठेवायची तर नव्याने नोंदणी सक्तीचीच आहे. हा फेरा विक्रेत्याने पूर्ण करायचा, तुम्ही नाही. एनओसी हातात पडल्याशिवाय विसाराच्या पलीकडे एक पैसा देऊ नका. 'कागद होतील नंतर' असं म्हणाला तर चहा प्या आणि परत या. कुंदा तेवढा आणा.

हडपसरच्या आरएक्सवर फार शाई घालवत नाही. इंजिन आरएक्स १०० चंच आहे का बघा. १३५ चं इंजिन घातलेल्या 'शंभरी' गल्लोगल्ली आहेत. नवा रंग, नवे स्टिकर, काळं कुळकुळीत इंजिन दिसलं की मला तरी संशय येतो. खरचटलेला पण कंपनीचा रंग असेल तर जास्त पैसे द्यायला हरकत नाही. रंग पुन्हा कधीही मारता येतो, पहिला एकदाच असतो. पासिंग पुण्याचंच असेल तर एक दिवसाचं काम. पण सध्या तीही नको.

आता ताडपत्री काढू.

रोडकिंग म्हैसूरची. आयडियल जावा कंपनीने साठच्या दशकाच्या सुरुवातीला तिथे जावा बनवायला घेतली, १९७३ पासून येझदी नाव लावलं, १९७८ च्या सुमाराला रोडकिंग काढली, आणि १९९६ ला कारखाना बंद झाला. सायलेन्सर दोन आहेत म्हणून लोक तिला दोन सिलिंडरची समजतात. सिलिंडर एकच, तोंडं दोन. किक आणि गिअरचा दांडा एकच, डावीकडे. आत दाबून वर फिरवला की तोच किक. नव्या पोराला चालू करायला द्या आणि गंमत बघा. गेल्या काही वर्षांत जावा आणि येझदी ही नावं नव्या गाड्यांवर परत आली आहेत, पण जुन्यांचा गोतावळा वेगळा. जुलैच्या दुसऱ्या रविवारी त्यांचा जावा दिवस असतो. त्या सकाळी निळा धूर सोडत जाणारा जथा दिसला तर मागे जा, कुणाकडे कुठला पार्ट आहे ते तिथे कळतं.

तुमची गाडी १९८१ ची. म्हणजे नोंदणी पंधरा वर्षांची, मग दर पाच वर्षांनी नूतनीकरण: ९६, २००१, ०६, ११. बाबांनी २०११ ला केलं असेल तर २०१६ पर्यंत होती. त्याच वर्षी ते गेले. म्हणून आता दोन कामं एकत्र आहेत. वारसाच्या नावावर करायला एकतीस नंबरचा फॉर्म, मृत्यूचा दाखला, आणि आई किंवा भावंडं असतील त्यांची हरकत नसल्याचं प्रतिज्ञापत्र. भावंडांची सही आत्ताच घ्या, गाडी खटारा दिसतेय तोवर. क्रोम करून आणलीत की प्रत्येकाला बाबांची आठवण येते. दुसरं काम नूतनीकरण. त्यात पर्यावरण कर, पीयूसी, विमा आलं. शिवाय २०२२ पासून दुचाकीला उशिराच्या दर महिन्यामागे ३०० रुपये जादा लावायची तरतूद आहे. तुम्हाला एकूण किती बसतो तो आकडा आरटीओतच विचारा, पण मनाची तयारी ठेवून जा. तपासणीला गाडी टेम्पोतून न्या. नोंदणी संपलेली गाडी संगम पुलापर्यंत चालवत नेलीत तर आत जायच्या आधीच पावती फाटेल.

नंबरप्लेटचं एक. महाराष्ट्रात २०१९ च्या एप्रिलआधीच्या गाड्यांनाही हाय सिक्युरिटी प्लेट सक्तीची केली आहे. ती बसवा, पण बाबांच्या वेळची रंगाने लिहिलेली पाटी फेकू नका. वर्तमानपत्रात गुंडाळून कपाटात ठेवा, आरसी बुकाशेजारी. त्यांनी जपलेल्या पावत्या असतील, पंपाच्या, गॅरेजच्या, विम्याच्या, तर त्याही. व्हिन्सेंटचा माग म्हणालो ना, तो असाच जमतो.

२०३१ ला तिला पन्नास वर्षं होतील. जुलै २०२१ च्या केंद्राच्या नियमांप्रमाणे पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षांहून जुनी गाडी 'व्हिंटेज' म्हणून नोंदवता येते. नव्या नोंदणीला २० हजार रुपये, दहा वर्षं चालते, पुढे नूतनीकरणाला ५ हजार. जुनी नोंदणी असलेल्या गाडीचा नंबर तोच राहतो, नव्याने नोंदवलीत तर 'व्हीए' मालिका. पण अट आहे: चेसिस, बॉडी आणि इंजिन मूळचं हवं, मोठी फेरफार नको. शिवाय तशी गाडी रोज वापरायची नाही. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल, दुरुस्ती, एवढ्यासाठीच रस्त्यावर. तुम्हाला मंडईला जायचं असेल तर हा मार्ग नव्हे. तरी आज मिस्त्रीने 'दुसरं इंजिन स्वस्तात मिळतंय, टाकून देतो' म्हटलं तर नाही म्हणायला एक कारण झालं.

खर्च? माझ्या येझदीला मिस्त्रीने साठ हजार सांगितले होते, ९७ हजार झाले. त्यातले निम्मे क्रोम आणि रंगात गेले, जे मी आज केले नसते. तुम्ही आधी फक्त चालती करा: टाकी आतून धुणं, कार्ब्युरेटर, सील, पॉइंट, कंडेन्सर, ब्रेक, टायर, वायरिंग. नाना पेठेत बरंच मिळेल. जे नाही मिळणार ते बुधवारी किंवा रविवारी जुन्या बाजारात, सतरंजीवर, फुटक्या पंख्यांच्या आणि पितळी नळांच्या मधे. तिथे जाताना खराब झालेला पार्ट हातात घेऊन जा, नाव सांगून काही उपयोग नाही. जुना पार्ट मिस्त्रीकडून परत घ्या, प्रत्येक, वॉशरसुद्धा.

आणि पेट्रोल. आता पंपावर वीस टक्के इथेनॉलचं मिळतं. ते हवेतली ओल ओढतं, जुनी रबरं फुगवतं, टाकीत गंज धरतं. गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर कॉक बंद करून कार्ब्युरेटर रिकामा करा. सील नव्या जातीची टाका. हे १९८१ ला कुणाला ठाऊक होतं!

कराबद्दल तुम्ही विचारलेलं नाही, पण 'घ्यायच्या आणि विकायच्या' म्हणालात म्हणून सांगतो. वैयक्तिक वापराच्या वस्तूवरच्या नफ्याला भांडवली नफा कर लागत नाही, म्हणून लोक निश्चिंत असतात. मुंबई उच्च न्यायालयात एक प्रकरण गेलं होतं. १९३१ ची फोर्ड टूरर, १९८३ ला वीस हजारांना घेतलेली, पुढे एकवीस लाखांना विकलेली. मालक म्हणाले वैयक्तिक वापराची. वापरल्याचा पुरावा देता आला नाही. नफा करपात्र ठरला. तुम्ही दोन गाड्या झाकून ठेवून पाच वर्षांनी विकणार असाल तर 'माझ्या वापराची' हे कुणाला पटवणार? सीएला आधी विचारा. विम्याचंही असंच. पाच वर्षांहून जुन्या गाडीची किंमत कंपनी आणि तुम्ही संमतीने ठरवायची असते, म्हणून किंमत लेखी मान्य करून घ्या, नाहीतर लाखाची गाडी कागदावर आठ हजारांची राहील.

सोसायटीला उत्तर द्या की दोन महिन्यांत गाडी चालू स्थितीत असेल. अध्यक्ष साठीचे असतील तर ताडपत्री काढून त्यांना एकदा नुसती दाखवा. नोटीस कुठे गेली ते विचारायची वेळ येणार नाही.

येत्या रविवारी सकाळी एवढंच करा. प्लग खोला. त्या भोकातून थोडं टू-टी (टू-स्ट्रोकच्या पेट्रोलात घालतात ते तेल) आणि डिझेल मिसळून चमचाभर सोडा, दोन दिवस तसंच राहू द्या. किक मारू नका. इतकी वर्षं बसलेलं पिस्टन किकने हललं तर रिंग तुटतात. मंगळवारी संध्याकाळी गाडी मधल्या स्टँडवर घ्या, टॉप गिअर टाका, आणि मागचं चाक हाताने मागे-पुढे, मागे-पुढे करा, कणाकणाने. मुलीला प्लगच्या भोकावर अंगठा ठेवायला सांगा. चाक फिरलं आणि अंगठ्याला फुस्स करून हवा लागली, तर मला कळवा, तुमच्या भागातला एक म्हातारा येझदी मिस्त्री आहे, त्याच्याशी गाठ घालून देतो. चाक अडलं तर जोर न करता आणखी चार दिवस थांबा.

आणि पत्राबरोबर चेसिसचा पेन्सिलचा ठसा पाठवा.